विचारा तर खरं : काउबॉय, आल्याचा चहा आणि शनिवारची दुपार

गेल्या महिन्यात या पानावर जाता जाता एक वाक्य लिहून गेले, की दर शनिवारी दुपारी आमच्या घरी पाच जण जमतो आणि जुने काउबॉय पिक्चर, म्हणजे इंग्रजीतले ‘वेस्टर्न’, बघतो. एरवी या पानाला गुडघेदुखीचे आणि सुनांचे प्रश्न येतात. परवा संपादकांनी एक फुगलेलं पाकीट पाठवलं, वर चिठ्ठी : ‘बाई, हे सगळं तुमच्या घोड्यांबद्दल आहे.’ तर या खेपेला पान घोड्यांचं.

नव्या वाचकांसाठी सांगते. मी नाशिकची, चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. वडील रेल्वेत गार्ड होते, त्यामुळे लहानपण मनमाडला गेलं. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या पटांगणात पांढरा पडदा बांधून कधीमधी इंग्रजी सिनेमा दाखवत. पुढची जागा साहेबांच्या पोरांची, आम्ही पडद्याच्या मागे. आयुष्यातला पहिला काउबॉय मी उलट्या बाजूने पाहिला, त्यामुळे कित्येक वर्षं मला वाटत होतं की हे सगळे लोक डावखुरे असतात.

शनिवारचे पाच म्हणजे मी, माझा धाकटा भाऊ, शेजारच्या वहिनी, एक निवृत्त पोस्टमास्तर आणि आमच्याच शाळेतले ड्रॉइंगचे सर. पुढे यांची नावं अशीच येतील.

प्रश्न : आम्ही सहा मित्र, सगळे निवृत्त. सगळ्यांत थोर वेस्टर्न म्हणतात म्हणून ‘द सर्चर्स’ लावला. अर्ध्या तासात दोघं घोरायला लागले आणि एक जण भाजी आणायची आहे म्हणून उठून गेला. आमचं काय चुकलं? (एक वाचक, सांगली)

क्रम चुकला, दुसरं काही नाही. ज्याला गाणं ऐकायची सवय नाही त्याला पहिल्याच दिवशी कोणी विलंबित ख्याल ऐकवत नाही, नाट्यगीतापासून सुरुवात करतात. ‘द सर्चर्स’ हा ख्याल आहे. तो सहा महिन्यांनी लावा.

सुरुवात ‘हाय नून’ने करा. 1952 चा, कृष्णधवल, 85 मिनिटांचा. गावच्या मार्शलचं, म्हणजे फौजदाराचं, लग्न लागतं, त्याने राजीनामा दिलेला आहे, बायकोला घेऊन निघायच्या बेतात आहे आणि तेवढ्यात तार येते : ज्या माणसाला त्याने तुरुंगात धाडलं होतं तो सुटलाय आणि दुपारी बाराच्या गाडीने येतोय. त्याचे तीन साथीदार स्टेशनवर बसून आहेत. मार्शल गावभर मदत मागत हिंडतो. बस, एवढीच गोष्ट. पण गोष्टीतला वेळ आणि बघणाऱ्याचा वेळ जवळजवळ बरोबरीने चालतो. भिंतीवरची घड्याळं पुन्हा पुन्हा दिसतात आणि प्रत्येक वेळी काटा थोडा पुढे सरकलेला असतो.

आम्ही एक गंमत केली होती. हा एक सिनेमा शनिवारी दुपारी न बघता रविवारी सकाळी अकराला दहा मिनिटं कमी असताना लावला, म्हणजे पडद्यावर बारा वाजतील तेव्हा आमच्याकडेही बाराच्या आसपास असतील. आमच्या भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे, त्यामुळे आमच्याकडे गाडी पाच मिनिटं लेट आली. वडील असते तर त्यांनी डायरीत नोंद केली असती. सांगायचं म्हणजे त्या दिवशी कोणी घोरलं नाही. बाराला दोन मिनिटं असताना रिकामी खुर्ची, चर्चमधली माणसं, दारूच्या गुत्त्यातली माणसं, घड्याळाचा लंबक असं एकामागून एक येत जातं, संगीताच्या ठोक्यावर, आणि मग शिट्टी वाजते. पोस्टमास्तरांच्या हातातला चहा तसाच गार झाला.

रुळांची एक हकिगत सांगितल्याशिवाय माझ्याच्याने पुढे जाववत नाही. दिग्दर्शक फ्रेड झिनेमान आणि छायाचित्रकार फ्लॉइड क्रॉस्बी समोरून येणारं इंजिन टिपायला रुळांवर आडवे झाले होते. इंजिनातून आधी पांढरा धूर आला, मग काळा. दोघांना वाटलं, वा, काय सुंदर दिसतंय! तो काळा धूर म्हणजे ब्रेक लागत नसल्याची खूण होती. शेवटच्या क्षणी दोघं बाजूला झाले, कॅमेऱ्याचा चक्काचूर झाला, पण आतली फिल्म वाचली. झिनेमाननी ही गोष्ट स्वतः सांगितलेली आहे. गार्डच्या मुलीला विचाराल तर रुळावर कोणी झोपू नये, सिनेमासाठीसुद्धा.

आता मित्रांबरोबर बघण्याचं खरं सुख पुढे आहे. दुसऱ्या आठवड्यात लगेच ‘रिओ ब्राव्हो’ लावा, 1959 चा. हॉवर्ड हॉक्स या दिग्दर्शकाला ‘हाय नून’ अजिबात पटला नव्हता. गावचा शेरीफ, म्हणजे फौजदारच, दारोदार मदत मागत फिरतो आणि शेवटी त्याची क्वेकर, म्हणजे हिंसा न मानणाऱ्या पंथातली, बायको त्याला वाचवते, हा कसला शेरीफ, असं त्याचं म्हणणं. नट जॉन वेनचंही तेच मत. म्हणून दोघांनी उत्तरादाखल एक सिनेमा केला : यातला शेरीफ लोकांनी देऊ केलेली मदतसुद्धा नाकारतो आणि एक दारुडा, एक लंगडा म्हातारा आणि एक कोवळा पोरगा एवढ्यांवर निभावून नेतो.

आमच्याकडे या दोन सिनेमांवरून जे भांडण झालं ते पंधरा दिवस चाललं. पोस्टमास्तर हॉक्सच्या बाजूचे : ज्याचं काम त्याने करावं, अडाण्यांना बंदुका देऊन काय होणार? वहिनी एरवी फार बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाल्या, “आमचे हे दवाखान्यात होते तेव्हा मी आळीत सहा दारं वाजवली होती. पडद्याआडून बघणारे डोळे मी ओळखते. मागितली मदत, त्यात त्याचं काय गेलं? ज्यांनी दिली नाही त्यांचं गेलं.” कोणी काही बोललं नाही. त्यांच्या आळीतली ती सहा घरं कोणती, याचा अंदाज आम्हा सगळ्यांना होता. त्यातलं एक माझ्या भावाचं आहे.

वहिनींना ठाऊक नव्हतं, पण त्या योग्य जागी पोचल्या होत्या. ‘हाय नून’ लिहिणाऱ्या कार्ल फोरमनला 1951 मध्ये, सिनेमाचं काम चालू असतानाच, अमेरिकी संसदेच्या समितीने कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून बोलावलं. त्याने सहकाऱ्यांची नावं सांगितली नाहीत आणि त्याला हॉलिवूडमध्ये काम मिळणं बंद झालं. तो इंग्लंडला निघून गेला. पाठ फिरवणारी माणसं त्याने कल्पनेने लिहिलेली नव्हती.

या दोनांनंतर ‘शेन’, मग ‘स्टेजकोच’, मग मनाला येईल ते. आणि ‘द सर्चर्स’ लावाल तेव्हा भाजी सकाळीच आणून ठेवा.

प्रश्न : टीव्हीवर जुने सिनेमे लावले की दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. काही सिनेमांत वर-खाली येतात. माझ्या मुलाने सेटिंग बदलून पडदा भरून दिला. आता ठीक आहे ना? आणि डबिंग बरं की सबटायटल? (लातूर)

मुलाला सांगा, पूर्ववत कर. 1953 पर्यंतचे बहुतेक सिनेमे जवळजवळ चौकोनी चौकटीत काढलेले आहेत. ते ताणले की घोडा गाढवासारखा दिसतो. आम्ही ‘स्टेजकोच’ची पहिली वीस मिनिटं असाच बघितला आणि जॉन वेन तरुणपणीही इतका जाड होता का, यावर चर्चा करत बसलो. ड्रॉइंगच्या सरांनी उठून गाडीच्या चाकाकडे बोट दाखवलं : “बाई, चाक अंडाकृती आहे.” तेव्हा कळलं. चाक बघायचं, ते गोल असलं पाहिजे. वर-खाली पट्टे आले तर तेही तसेच राहू द्या, तो सिनेमा मुळातच रुंद आहे.

सबटायटल, इंग्रजीच. हिंदी डबिंगमध्ये सगळे काउबॉय एकाच आवाजात बोलतात. अर्थात सर्जियो लिओने या दिग्दर्शकाच्या इटालियन वेस्टर्नबाबत सोवळं पाळण्यात अर्थ नाही. त्यांचं शूटिंग स्पेनमध्ये व्हायचं, प्रत्येक नट आपापल्या भाषेत बोलायचा आणि आवाज सगळे नंतर भरायचे. तिथे ओठ आणि शब्द जुळत नसतील तर दोष तुमच्या टीव्हीचा नाही.

प्रश्न : आम्ही ऑफिसमधले पाच मित्रमैत्रिणी एकत्र राहतो. मी काहीही वेस्टर्न लावलं की दर दहा मिनिटांनी कोणीतरी ओरडतं, “अरे, हे तर शोले!” सिनेमाचा रसभंग होतो. त्यांना गप्प कसं करू? (हिंजवडी, पुणे)

बाळा, गप्प कशाला करतोस? ओरडू दे. फक्त दर वेळी ओरडणाऱ्याने एक पायरी मागे जाऊन दाखवायचं, अशी अट घाल.

‘शोले’ 15 ऑगस्ट 1975 चा. गावाने भाडोत्री लढवय्ये आणायचे, ही कल्पना ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’मध्ये आहे, तो 1960 चा. तो उघडउघड जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाच्या 1954 च्या ‘सेव्हन सामुराई’वरून केलेला. आणि कुरोसावा स्वतः कोणाला मानायचा? जॉन फोर्डला, म्हणजे ‘स्टेजकोच’वाल्याला. अमेरिकेतून निघालेली गोष्ट जपानला जाऊन परत अमेरिकेला आली, तिथून ‘शोले’ जिथे काढला त्या रामनगरच्या खडकांत उतरली. मधे एक फाटा इटलीला गेला : कुरोसावाचा ‘योजिंबो’ लिओनेने न विचारता ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’मध्ये वापरला, प्रकरण वकिलांपर्यंत गेलं आणि कमाईतला 15 टक्के हिस्सा जपानला द्यावा लागला.

ठाकूरच्या घरच्या हत्याकांडाचं दृश्य तुमच्या सगळ्यांना पाठ असेल. आता लिओनेचा ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ लाव, 1968 चा. एक कुटुंब जेवणाची तयारी करतंय, रानातले किडे किर्र करतायत आणि ते एकदम थांबतात. पुढचं मी सांगत नाही, तुमचे मित्र आपसूक गप्प होतील. फक्त एवढं बघा, की बंदूकवाल्यांच्या पुढे चालत येणारा तो निळ्या डोळ्यांचा माणूस हेन्री फोंडा आहे. तीस वर्षं पडद्यावर भल्या माणसाचं काम केलेला. अमेरिकन प्रेक्षकांना तो चेहरा तिथे बघून काय वाटलं असेल, त्याचा अंदाज यायचा तर आपल्याकडच्या कोणा साध्यासुध्या, सज्जन नटाला गब्बरच्या जागी उभं करून बघ.

याच सिनेमाची सुरुवात हा माझ्या मते मित्रांबरोबर बघण्याचा सगळ्यांत मोठा आनंद आहे. एक पडकं स्टेशन. तीन माणसं गाडीची वाट बघतायत. दहाएक मिनिटं जवळजवळ कोणी बोलतच नाही. पाण्याचा थेंब टोपीवर पडतो, एक माशी दाढीवर बसते आणि पवनचक्की कुरकुरत राहते. आम्ही पहिल्यांदा लावला तेव्हा पोस्टमास्तर दोन मिनिटांनी उठले आणि पंखा बंद केला. मे महिना होता. “फार आवाज करतो हो तुमचा पंखा,” म्हणाले. आवाज तरीही चालूच! मग सगळे हसलो, पण पंखा कोणी परत लावला नाही. घामाघूम होऊन बघितलं, आणि मला वाटतं तसंच बघायला हवं. गाडी यायला किती वेळ लागतो, हे फलाटावर बसल्याशिवाय कळत नाही. या सिनेमांत गोळीबार फार तर दोन मिनिटांचा असतो. बाकी सगळा वेळ कोणीतरी लांबून येत असतं आणि कोणीतरी वाट बघत असतं. म्हणून तर फोनवर हे सिनेमे बघायचे नसतात. सहा इंचात लांब काय आणि जवळ काय.

आणि हो, ‘शोले’तला तो गाडीवरचा दरोडा तुमच्यापासून फार दूर नाही, मुंबई–पुणे मार्गावर पनवेलजवळ चित्रित केलाय. सात आठवड्यांहून जास्त लागले होते. एकदा सगळे मिळून त्या बाजूला चक्कर मारून या.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकवतो, समाजाने भिल्ल. मित्रांबरोबर यातले दोन-तीन सिनेमे बघितले. घोड्यावरून आलेले ‘इंडियन’ पत्त्यांसारखे कोसळतात आणि खोलीतले बाकीचे खूश होतात. मला ते जमलं नाही. तुमच्यासारख्या शिक्षिकेला हे खटकत नाही का? (नंदुरबार)

हे पत्र मी तीनदा वाचलं. खटकतं. आणि सर, खरं सांगते, पूर्वी खटकत नव्हतं. पडद्याच्या मागे बसून मीही टाळ्या वाजवलेल्या आहेत.

‘स्टेजकोच’मध्ये अपाचे लोक येतात ते धुळीच्या लोटासारखे. त्यांना संवाद नाही, नाव फक्त त्यांच्या म्होरक्याला, जेरोनिमोला. ते मरतात तेव्हा कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर थांबत नाही. पडद्यावरच्या त्या अपाचेंमध्ये प्रत्यक्षात नवाहो लोक होते आणि ज्या जमिनीवर ते घोड्यांवर बसलेले दिसतात ती त्यांचीच होती, मॉन्युमेंट व्हॅली. 1938 मध्ये मंदीने तिथली माणसं उपाशी होती. हॅरी गोल्डिंग नावाचा तिथला व्यापारी त्या खोऱ्याचे फोटो घेऊन हॉलिवूडला गेला आणि फोर्डला तिथे घेऊन आला, असं सांगतात. मजुरी मिळाली, पोटाला मिळालं. पण कशाचे पैसे मिळाले? स्वतःच्या अंगणात शत्रू होऊन उभं राहायचे.

‘द सर्चर्स’ यापेक्षा अवघड आहे, कारण त्याला काहीतरी कळलेलं आहे. जॉन वेनने केलेला एथन मनात आदिवासींबद्दल इतकं विष घेऊन हिंडतो की तो कोमांचे जमातीच्या मेलेल्या माणसाच्या डोळ्यांत गोळ्या घालतो. सिनेमा त्याला नायकासारखं मिरवत नाही. दार उघडून गोष्ट सुरू होते आणि शेवटी त्याच्यापुढे दार बंद होतं. एका हाताने दुसऱ्या हाताचा कोपर धरून तो बाहेरच उभा राहतो. आणि तरीही कोमांचे सरदाराचं काम कोणी केलंय? बर्लिनमध्ये जन्मलेल्या हेन्री ब्रँडन या गोऱ्या नटाने. त्यात ‘लुक’ नावाची एक आदिवासी बाई आहे. तिला लाथ मारून टेकडीवरून गडगडत खाली ढकलतात, आणि ते हसण्यासाठी आहे.

आमच्याकडे तिथे माझा भाऊ हसला. वहिनींनी रिमोट घेतला आणि सिनेमा थांबवला. म्हणाल्या, “परत लाव आणि आता हस.” परत लावलं. तो हसला नाही. पुढे तीच बाई घोडदळाने जाळलेल्या वस्तीत मेलेली सापडते. म्हणजे फोर्डने आधी तिच्यावर हसवलं आणि मग तिचं प्रेत दाखवलं. यातलं कोणतं खरं, हे मला ठरवता आलेलं नाही. मला त्याला माफ करावंसं वाटत नाही आणि सिनेमा फेकूनही देववत नाही. तुम्हाला तो फेकून द्यावासा वाटला तर मी तुम्हाला रसिकतेचं व्याख्यान देणार नाही.

एक मात्र सुचवते, आणि शिकवणारे म्हणून ते तुम्हाला वर्गातही वापरता येईल. ‘द सर्चर्स’ची गोष्ट 1868 ला सुरू होते. अगदी त्याच वर्षी नवाहो लोकांना चार वर्षांच्या हद्दपारीनंतर, करार करून, आपल्या मुलखात परत जायची परवानगी मिळाली. ज्या खोऱ्यात सिनेमा काढला त्या खोऱ्याच्या माणसांची गोष्ट त्याच साली घडत होती आणि कॅमेरा दुसरीकडे बघत होता. आणखी तीन वर्षांनी, 1871 मध्ये, इंग्रजांनी आपल्याकडे गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. तुमच्या भागातले, इंग्रजांशी लढलेले खाज्या नाईक त्यांच्या कागदांत लुटारू होते. त्या कागदांवरून कोणी सिनेमा काढला असता तर तो ‘स्टेजकोच’सारखाच दिसला असता, फक्त मागे सातपुडा असता.

मित्रांना जमवून ‘स्मोक सिग्नल्स’ दाखवा, 1998 चा. लिहिणारा, दिग्दर्शक आणि मुख्य नट सगळे अमेरिकेतल्या आदिवासींपैकीच. दोन तरुण बसने लांबच्या प्रवासाला निघतात आणि वाटेत चक्क जॉन वेनच्या दातांवर गाणं म्हणतात. तुम्ही खळखळून हसाल. आणि अजून एक : 2021 मध्ये ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ नवाहो भाषेत डब झाला. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या माणसांनाही वेस्टर्न आवडतातच, फक्त आता त्यातला नायक क्लिंट ईस्टवूड त्यांच्या भाषेत बोलतो. यावर काय म्हणायचं ते तुम्ही मला कळवा. पत्ता संपादकांकडून घ्या, शक्य झालं तर एखाद्या शनिवारी या. वहिनींना तुमच्याशी बोलायला आवडेल.

प्रश्न : आम्ही फिनिक्सला राहतो. डिसेंबरमध्ये मंडळातल्या चार कुटुंबांनी मॉन्युमेंट व्हॅलीला जायचं ठरवलंय. “नुसते दगड तर आहेत,” असं मुलं म्हणतात. काय दाखवू? (अ‍ॅरिझोना)

नुसते दगड! ताई, मी पासष्ट ओलांडली आणि अजून ते दगड प्रत्यक्ष बघितलेले नाहीत. मुलांना माझा निरोप द्या.

मनमाडहून गाडी सुटली की अंकाई-टंकाईच्या बाजूला एक सुळका दिसतो, अंगठा वर केल्यासारखा, त्याला हडबीची शेंडी म्हणतात. पडद्यावर मॉन्युमेंट व्हॅली पहिल्यांदा दिसली तेव्हा मी ओरडले होते, “ही तर आपली शेंडी!” नंतर शिकले की आपली शेंडी लाव्ह्याची, बसाल्टची; तिथले सुळके वाळूच्या खडकाचे. वर कठीण थर, खाली मऊ शेल. खालचा मऊ थर झिजतो, वरच्याचा आधार जातो, तो सरळ उभा तुटतो. म्हणून त्या भिंती इतक्या ताठ आणि पायथ्याशी घसरलेल्या ढिगाऱ्याचा घागरा. काही सुळके 300 मीटरच्या घरात आहेत. हे मुलांना जागेवर उभं करून दाखवा, पुस्तकात हे कळत नाही.

आणि सिनेमावाल्यांची लबाडीही दाखवा. ‘द सर्चर्स’ची गोष्ट टेक्सासमध्ये घडते, टेक्सासमध्ये असलं काही नाही. माणसं वर्षानुवर्षं देशभर हिंडतात आणि मागे तेच तीन सुळके! भूगोलाचे मार्क शून्य. पण फोर्डला नकाशा नको होता, त्याला त्या दगडांपुढे माणूस मुंगीएवढा दिसायला हवा होता. लिओनेसुद्धा स्पेनमधून मुद्दाम तिथे गेला. ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मध्ये नायिका क्लॉडिया कार्डिनालेची घोडागाडी त्या खोऱ्यातून जाते.

जाण्याआधी ‘मॅकेनाज गोल्ड’ बघून घ्या. 1969 चा. अमेरिकेत पडला आणि आपल्याकडे तुफान चालला. माझ्या भावाने कॉलेज बुडवून तो चार वेळा पाहिला. त्यात सूर्य उगवतो आणि सुळक्याची सावली लांबत लांबत जाऊन सोन्याची वाट दाखवते. सूर्य वर आला की सावली आखूड होते, हे मी त्याला तेव्हाही सांगितलं होतं, अजूनही सांगते. अजूनही त्याला ते ऐकायचं नसतं.

व्यवहाराचं सांगायचं तर खोऱ्यात 17 मैलांचा कच्च्या रस्त्याचा फेरा आहे, छोटी गाडी नेऊ नका. जागा उंचावर आहे, डिसेंबरात बर्फ पडू शकतो, कानटोप्या न्या. ते नवाहोंचं उद्यान आहे, वाटाड्या त्यांच्यातलाच घ्या आणि माणसांचे फोटो विचारून काढा. उन्हाळ्यात पुन्हा गेलात तर घड्याळ सांभाळा. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तेव्हा घड्याळं तासभर पुढे करतात; अ‍ॅरिझोना करत नाही, नवाहो करतात.

प्रश्न : दर रविवारी आमच्या यांचे मित्र काउबॉय पिक्चर बघायला येतात. मी आत भजी तळते. बाहेर येऊन बसले तर म्हणतात, “वहिनी, यात तुमच्यासाठी काही नाही.” खरंच नाही का? (कराड)

भज्यांचा गॅस बंद करा आणि बाहेर येऊन बसा.

‘हाय नून’मध्ये मार्शलखालोखाल गावातली सगळ्यांत शहाणी व्यक्ती कोण, तर गुत्त्याची आणि दुकानाची मालकीण मिसेस रमिरेझ. केटी हुराडो या मेक्सिकन नटीने ते काम केलंय. गाव काय करणार हे तिला आधीच कळतं, ती दुकान विकते, हिशेब चुकता करते आणि त्याच गाडीने निघून जाते. आणि ज्या नवऱ्या मुलीला सगळे भित्री समजतात तीच शेवटी बंदूक उचलते. ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मध्ये पुरुष एकमेकांना मारतात, नाहीतर निघून जातात. शेवटी रेल्वेचे रूळ टाकणाऱ्या मजुरांना पाणी घेऊन जाते ती नायिका जिल, आणि गाव तिच्याच जमिनीवर उभं राहतं. ‘जॉनी गिटार’ तर 1954 चा, त्यात नाव पुरुषाचं आहे पण समोरासमोर बंदूक रोखतात त्या दोन बायका. हा सिनेमा तुमच्या यांनी बघितलेला नसणार, पैज लावते. तोच आधी लावायला सांगा.

आमच्याकडे पहिली दोन वर्षं चहा मीच करायचे. मग एका शनिवारी वहिनींनी घरातून चार चिठ्ठ्या करून आणल्या. चहा, खायचं, भांडी, आणि चौथीवर ‘आराम’. आम्ही पाच जण आणि चिठ्ठ्या चार, म्हणून पाचवीवर ड्रॉइंगच्या सरांनी घोडा काढून दिला. ज्याला घोडा येईल त्याने सिनेमा निवडायचा.

या शनिवारसाठी घोडा वहिनींना आलाय आणि खायचं पोस्टमास्तरांकडे. ते भजी करणार म्हणतायत. बेसनात पाणी किती घालायचं ते विचारायला आत्ताच त्यांचा तिसरा फोन येऊन गेला.